न वाजलेली बाटली

आमच्या लॅबच्या कोपऱ्यात ब्लड कल्चरचं मशीन आहे. आत बाटल्या आडव्या खोचलेल्या असतात आणि त्यांचे रॅक रात्रंदिवस हळूहळू झुलत राहतात. आत शरीराइतकी ऊब. प्रत्येक बाटलीत जंतूंना मानवेल असं पातळ खाद्य आणि त्यात कुणाच्या तरी रक्ताचा थोडासा वाटा. जिवाणू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाशी असलेल्या चकतीचा रंग पालटतो, मशीनला ते कळतं आणि ते वाजतं. ‘बाटली वाजली’ असंच म्हणतो आम्ही. मग हातातलं काम टाकून उठायचं, थेंब काचेवर पसरायचा, जंतूंना रंग देणारा ग्रॅम स्टेन करायचा, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गुलाबी काड्या, म्हणजे जिवाणू, दिसल्या की एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला, फोन. हे सगळं अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवं, कारण तिकडे पेटीत ठेवलेल्या बाळाकडे वेळ नसतो.

बाळांच्या बाटल्या वेगळ्या, कमी रक्तात भागावं म्हणून केलेल्या. तरीही आम्ही एक मिलीलीटर मागतो. ऐकायला काहीच नाही. पण बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं शंभर मिलीलीटरच्या आसपास. म्हणजे आम्ही त्याच्या रक्ताचा शंभरावा भाग मागतो. पहाटे तीन वाजता तळहातामागची शीर शोधणारी रेसिडेंट डॉक्टर कधी अर्धाच मिलीलीटर पाठवते. तिला कुणी काही बोलू नये असं माझं मत आहे, आणि तरीही मी बोलते.

बहुतेक बाटल्या वाजत नाहीत. पाचव्या दिवशी मशीन स्वतःहून त्यांना निगेटिव्ह ठरवतं आणि आम्ही रिपोर्ट छापतो: काहीही वाढलं नाही. सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यात असे कागद सर्वांत जास्त. मी इतकी वर्षं त्यांच्यावर सही करत आले आहे, आणि त्यातल्या काही बाळांना काय झालं होतं हे कुणालाच कळलेलं नाही. बाळ मलूल होतं, दूध ओढत नव्हतं, हातपाय गार पडले होते, लिव्हर बिघडलं होतं, प्लेटलेट खाली आल्या होत्या. सगळी लक्षणं रक्तात इन्फेक्शन पसरल्याची. बाटली मात्र गप्प.

एकदा खिडकीशी एक आजोबा आले. धोतर, टोपी, हातात पावतीची घडी. नातू नऊ दिवसांचा. मी सांगितलं, ‘बाबा, रिपोर्ट आलाय, काही उगवलं नाही.’ त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘ताई, बी नव्हतं, का जमिनीनं धरलं नाही?’

मायक्रोबायोलॉजीच्या तोंडी परीक्षेत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

कारणं खरं तर तीन-चार असतात. रक्त कमी पडलं असेल. रक्त घेण्याआधीच अँटिबायोटिक सुरू झालं असेल. गावातल्या दवाखान्यातून वर पाठवताना एक इंजेक्शन देऊनच पाठवतात, आणि ते बरोबरच करतात. किंवा मुळात इन्फेक्शन नव्हतंच. जन्मताना गुदमरलेलं बाळ, हृदयात दोष असलेलं बाळ किंवा चयापचयाचा आजार असलेलं बाळसुद्धा हुबेहूब असंच दिसतं. आणि चौथं म्हणजे विषाणू. आमच्या बाटलीतल्या खाद्यावर विषाणू महिनाभर ठेवला तरी वाढणार नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. म्हणजे आजोबांच्या भाषेत, बी होतं, पण हे त्याचं वावरच नव्हतं.

सेप्सिस म्हटलं की जिवाणू, हे समीकरण आमच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की व्याख्याही त्याच्या मागून आल्या. 2016 साली मोठ्यांच्या सेप्सिसची व्याख्या बदलली: संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून जिवावर बेतेल असं अवयवांचं बिघडणं. संसर्ग कशाचा, हे त्यात कुठेच म्हटलेलं नाही. जिवाणू, विषाणू, बुरशी, काहीही. 2024च्या जानेवारीत मुलांसाठीही नवे निकष आले, ‘फिनिक्स’ नावाचे. ते आले तेव्हा मी उत्साहाने वाचायला घेतले आणि पाहते तर दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आणि जन्मानंतर अजून घरीच न गेलेली बाळं त्यातून वगळलेली. म्हणजे ज्यांच्या बाटल्या माझ्याकडे येतात, नेमकी तीच. त्यामागची कारणं मला समजतात. कमी दिवसांच्या बाळाचं रक्तदाबापासून क्रिएटिनिनपर्यंत सगळंच वेगळं असतं. पण थोडं हिरमुसायला झालंच.

शोधलं तर विषाणू सापडतात का? या प्रश्नाचं आपल्या भागातलं सगळ्यांत मोठं उत्तर 2018 साली आलं. बांगलादेश, पाकिस्तान आणि भारत या तीन देशांतल्या पाच ठिकाणी, आपल्याकडे ओडिशा आणि वेल्लोरमध्ये, जन्मापासून दोन महिन्यांपर्यंतच्या बाळांवर गावोगावी लक्ष ठेवलं गेलं. 63 हजारांहून जास्त बाळं. आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी जायच्या आणि गंभीर संसर्गाची लक्षणं दिसली की बाळाला अभ्यासातल्या डॉक्टरांकडे पाठवायच्या; मग बाळाचं रक्त आणि नाक-घशातला स्वॅब घेतला जायचा. कल्चर तर केलंच, पण जनुकीय चाचण्याही केल्या, म्हणजे विषाणूंनाही दार उघडं ठेवलं. अशा सहा हजारांवर आजारपणांत कारण सापडलं फक्त 28 टक्क्यांत. एकूण आजारपणांपैकी 16 टक्के जिवाणूंची, 12 टक्के विषाणूंची. विषाणूंमध्ये आरएसव्ही, हा श्वसनमार्गाचा विषाणू, सर्वांत पुढे.

हे आकडे मी बरेच दिवस मनात घोळवत होते. विषाणू जिवाणूंच्या इतके जवळ असतील असं वाटलं नव्हतं. पण याच अभ्यासातली दुसरी ओळ तितक्याच मोठ्याने वाचायला हवी: जी बाळं दगावली आणि ज्यांच्यात कारण सापडलं, त्यांतल्या दहापैकी नऊंहून अधिक बाळांत ते जिवाणू होते. म्हणून ‘व्हायरल असेल, बघू’ असं म्हणून आजारी तान्ह्या बाळाला कुणी घरी ठेवू नये. अँटिबायोटिक पहिल्या तासातच द्यायचं, प्रश्न नंतर विचारायचे. माझं म्हणणं एवढंच आहे की नंतर ते विचारावेत.

कारण न विचारण्याची किंमतही असते. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात नवजात बाळांचा मोठा अभ्यास झाला. दाखल झालेल्या साडेतेरा हजार बाळांपैकी 14.3 टक्क्यांना सेप्सिस धरला गेला, कल्चर लागलं 6.2 टक्क्यांचं. उरलेल्यांची बाटली वाजली नाही, तरी औषध चालू राहिलं. आणि जी वाजली त्यांत असिनेटोबॅक्टर हा जिवाणू पहिल्या क्रमांकावर, त्यातही पाचातले चार अनेक औषधांना दाद न देणारे. एका बाजूला नाव नसलेल्या आजाराला दहा-दहा दिवस अँटिबायोटिक आणि दुसऱ्या बाजूला त्याच वॉर्डात अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू. या दोन गोष्टी एकमेकींना चांगल्या ओळखतात.

विषाणूंच्या बाजूने सर्वांत अस्वस्थ करणारी बातमी मला 2023च्या मे महिन्यात वाचायला मिळाली, आणि ती होती फ्रान्सची. जुलै 2022 ते एप्रिल 2023 या काळात तिथे नऊ नवजात बाळांना तीव्र सेप्सिस झाला. लिव्हर निकामी, एकामागून एक अवयव बंद. सात दगावली. सगळ्यांची लक्षणं पहिल्या सात दिवसांत सुरू झालेली. कारण एकोव्हायरस 11. नंतर इटली, स्पेन, स्वीडन, क्रोएशिया आणि ब्रिटनमधूनही अशी बाळं कळवली गेली. हा विषाणू नवा नाही. पोलिओच्याच कुळातला, एंटेरोव्हायरसांपैकी एक; फक्त त्याचा नव्या जडणघडणीचा एक प्रकार फिरत होता. मोठ्या माणसाला तो झाला तर दोन दिवस कणकण, थोडे जुलाब, कधी तेही नाही.

मग बाळालाच एवढा का? इथे निसर्गाचं वेळापत्रक आडवं येतं. आईची तयार प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आईला जे आजार आधी होऊन गेले, त्यांचं संरक्षण बाळ शिदोरीसारखं घेऊन येतं. पण आईला बाळंतपणाच्या चार दिवस आधीच नवा विषाणू लागला तर तिच्या शरीरात विषाणू भरपूर असतो आणि प्रतिपिंडं अजून तयार व्हायची असतात. बाळंतपण थांबत नाही. बाळ विषाणू घेऊन येतं, संरक्षण मागेच राहतं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं तर सगळंच संरक्षण अर्धवट.

आपल्याकडे हेच वेळापत्रक चिकनगुनियाने दाखवलं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06 मध्ये प्रचंड साथ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं की कळा सुरू असताना आईच्या रक्तात विषाणू असेल तर जवळपास निम्म्या बाळांना तो लागतो. सिझेरियन करूनही टळत नाही. बाळ जन्मतः ठणठणीत असतं, तीन ते सात दिवसांत ताप येतो, दूध सोडतं, हात लावला की कळवळतं, प्लेटलेट पडतात, काहींना झटके येतात. 2006च्या त्याच साथीने महाराष्ट्रही व्यापला होता आणि 2024च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनिया पुन्हा जोरात आला. नवजात बाळांच्या नाकावर, गालांवर, पोटावर काळसर डाग पडतात. एकदा पाहिलेले डॉक्टर ते विसरत नाहीत. न पाहिलेला डॉक्टर सेप्सिस लिहितो, बाटली आमच्याकडे येते, वाजत नाही.

डेंग्यूची तऱ्हा आणखी निराळी. आईला पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला असेल तर बाळाला तिची प्रतिपिंडं मिळतात, सुरुवातीला ती राखतातही. पण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ती विरळ होत जातात, तेव्हा विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदतच करतात, आणि त्या वयात डेंग्यू जास्त भयंकर होऊ शकतो. थायलंडमध्ये झालेल्या अभ्यासांतून हे कोडं बरंचसं उलगडलं. शरीरशास्त्रात कुणी पूर्ण सज्जन नसतं.

आरएसव्हीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल आता बरंच छापून येतं. तान्ह्या बाळात तो खोकल्याने सुरू होईलच असं नाही. बाळ श्वास घ्यायचंच थांबतं, एवढंच लक्षण कधीकधी दिसतं. मेळघाटातल्या आदिवासी गावांत डॉ. आशिष सातव यांच्या गटाने यावर काम केलंय, आणि ते वाचल्यावर लक्षात येतं की रुग्णालयात मोजलेले आकडे हा अर्धाच हिशेब असतो. 2023पासून काही देशांत गरोदर बाईला आठव्या महिन्याच्या सुमारास लस किंवा बाळाला तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन दिलं जातं. विषाणूवर उपाय नसतो म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उपाय असलेला आणखी एक विषाणू म्हणजे हर्पिस, आणि तिथे माझा आवाज खरोखर चढतो. नवजात बाळाला हर्पिस क्वचित होतो. पण अंगभर पसरला तर उपचाराविना शंभरातली सुमारे 85 बाळं जायची, अॅसायक्लोव्हिरच्या मोठ्या डोसने हा आकडा 30च्या आसपास आला. औषध जुनं आहे आणि मिळतं. अडचण अशी की अनेक बाळांच्या अंगावर एकही फोड नसतो, आईलाही कधी काही झाल्याचं आठवत नसतं, आणि चित्र हुबेहूब जिवाणूंच्या सेप्सिसचं. एंजाइम हजारांत गेलेलं लिव्हर, झटके, गप्प बाटली: या तिन्ही गोष्टी एका बाळात दिसल्या तर रिपोर्टची वाट न बघता अॅसायक्लोव्हिर सुरू करावं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. वॉर्डात ते पाचव्या दिवशी आठवतं.

ओठावरच्या साध्या ‘तापाच्या फोडा’तूनही हा विषाणू जातो. आता आपल्याकडे बाळ बघायला जायची पद्धत आठवा. कुणी हातावर पैसे ठेवतं, कुणी गालाचा पापा घेतं, घरातलं शेंबडं पोर बाळाच्या तोंडात बोट घालतं आणि सगळे कौतुकाने हसतात. जुन्या बायका बाळंतिणीला सव्वा महिना वेगळ्या खोलीत ठेवायच्या आणि बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय आत घेत नसत. त्या खोलीचं मला फार कौतुक नाही. तिथे धुरी असायची, कोंडलेली हवा असायची, आणि नाळ कशानेही कापल्यामुळे पहिल्या आठवड्यात धनुर्वाताने बाळं जायची. तो नवजात धनुर्वात भारतातून आटोक्यात आल्याचं 2015 साली जाहीर झालं, हे विसरायला नको. पण खोलीबरोबर उंबऱ्यावरचा तांब्याही गेला. बारशाला दीडशे माणसं आणि प्रत्येकाच्या मांडीवर बाळ, हे आपण अलीकडेच सुरू केलंय.

आता जरा अडचणीची गोष्ट. नाव कळलं की दोष द्यायला माणूसही सापडतो. बाळाला एंटेरोव्हायरस निघाला आणि बाळंतपणाच्या आदल्या दिवशी आईला ताप होता, हे कळताच सासू म्हणते, ‘बघा, हिच्यामुळं.’ बाटली गप्प असते तेव्हा निदान दोष नजरेला, हवेला, डॉक्टरला, नाहीतर देवाला जातो. आईच्या वाट्याला तो कधी येतो आणि कधी चुकतो. म्हणून रिपोर्ट द्यायला मी आता शक्यतो स्वतः खाली जाते आणि सांगते की घरातल्या कुणाच्याही अंगात हा विषाणू येऊन जातो, कुणाला कळतही नाही. ते पटतं का, माहीत नाही. आई मान हलवते.

जुलै 2020मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयाने जाहीर केलं होतं की एका बाळाला कोरोना पोटातच लागला होता. बाळाच्या नाकातला स्वॅब, नाळ आणि वार, तिन्हींत विषाणू मिळाला. दोन-तीन दिवसांत बाळाला ताप, मलूलपणा, अंगभर दाह. पुढे ते बरं होऊन घरी गेलं. मला त्या बातमीत सर्वांत महत्त्वाची वाटली ती वार. कुणीतरी ती टाकून न देता तपासायला ठेवली होती. एरवी वार कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते आणि उत्तर तिच्याबरोबर जातं.

अर्थात, नाव न कळताही बाळं वाचवता येतात, हे गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवलंच आहे. 39 गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायका. त्यांच्याकडे मशीन नव्हतं, बाटली नव्हती. रडणं क्षीण झालं का, दूध ओढणं कमी झालं का, बाळ ढिलं पडलं का, अंग गार किंवा गरम आहे का, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाते का, हे बघायचं आणि ठरावीक लक्षणं एकत्र दिसली की जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, सोबत तोंडाने औषध, ऊब, आईचं दूध. 1999 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले होते. त्या बाळांतल्या काहींना विषाणूच झालेला असणार. जेंटामायसिनने त्यांचं काही भलं केलं नसेल. ऊब आणि दूध यांनी केलं असेल, आणि कुणीतरी रोज येऊन बघत होतं यानेही. विषाणूच्या सेप्सिसमध्ये मोठ्या एनआयसीयूतही शेवटी बरंचसं हेच करतात, फक्त महागड्या उपकरणांनी: श्वास चालू ठेवायचा, रक्तदाब धरायचा, साखर पडू द्यायची नाही, रक्त गोठत नसेल तर प्लाझ्मा द्यायचा आणि बाळाच्या शरीराला वेळ मिळवून द्यायचा.

तरीही नाव हवंच. नावाने तीन गोष्टी होतात. नको ते अँटिबायोटिक थांबतं. हर्पिससारखा एखादा असेल तर हवं ते औषध सुरू होतं. आणि तिसरी गोष्ट वॉर्डातल्या सिस्टरांना सर्वांत आधी समजते: एंटेरोव्हायरस हातांवरून एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो, विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, आणि त्याच्यापुढे नेहमीचं अल्कोहोलचं हँडरब तोकडं पडतं. साबण आणि पाणीच लागतं. म्हणजे बाळ कुठे ठेवायचं, त्याचा लंगोट कुणी बदलायचा, हे नावावर ठरतं.

पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी जनुकीय चाचणी, महाग आहे, हे खरं. सगळ्या विषाणूंचं एकत्रित पॅनल बाहेर करायला काही हजार पडतात आणि आमच्याकडच्या पेशंटला आधीच मंगळसूत्र गहाण ठेवावं लागलेलं असतं. पण सरकारी विषाणू प्रयोगशाळांचं जाळं आता मेडिकल कॉलेजांत आहे, कोरोनात सगळ्यांना ते माहीत झालं. नमुना नीट घेतला आणि बर्फात पाठवला तर निम्मं काम होतं. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढलंच आहे तर त्यातले चार थेंब उणे 80 अंशांवर ठेवून द्यायला काहीच लागत नाही.

मी बदलला तो फक्त फॉर्म. आमच्या जुन्या छापील फॉर्मवर पाणमोट फुटून किती तास झाले, आईला ताप होता का, एवढे रकाने होते. दोन्ही जिवाणूंना उद्देशून. मी खाली एक ओळ टाकली: घरात गेल्या पंधरा दिवसांत कुणाला ताप, सर्दी, जुलाब, पुरळ? रेसिडेंट मंडळींनी पहिले दोन महिने तिथे फक्त आडवी रेघ मारली. मी फॉर्म परत पाठवायला लागले. भांडणं झाली. एचओडींपर्यंत गेलं.

मग गेल्या पावसाळ्यात एक फॉर्म आला. बाळ पाच दिवसांचं, एंजाइम चढलेले, प्लेटलेट चाळीस हजार. त्या ओळीवर निळ्या शाईत घाईघाईने लिहिलं होतं: ‘मोठा भाऊ, 3 वर्षे, अंगणवाडीत जातो, तळहातावर व तोंडात फोड, 8 दिवसांपूर्वी. आईला परवा ताप.’ बाटली मशीनमध्ये लावली आणि त्याच दुपारी घशाचा आणि शौचाचा स्वॅब सरकारी लॅबला पाठवला. एंटेरोव्हायरस पॉझिटिव्ह. बाटली वाजलेली नव्हतीच. तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बंद केलं, बाळ हळूहळू सुधारत गेलं, लिव्हरला सावरायला बराच वेळ लागला.

फॉर्म लिहिणाऱ्या रेसिडेंटला मी फोन केला. तो सावधपणे म्हणाला, ‘मॅडम, फॉर्ममध्ये काही राहिलं का?’

‘फॉर्म चांगला भरलास,’ मी म्हटलं, ‘त्याच्या शेजारच्या दोन पेट्यांतल्या बाळांचे स्वॅब अजून आले नाहीत. कधी पाठवतोस?’